पंपाच्या खोलीवरचा दात

बिबवेवाडी, पुणे
सोमवार, ९ जून २०२५

दादा,

फोनवर आपण दोघे तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून पत्र. घडले ते क्रमाने लिहिते.

१. शनिवार, १७ मे. मी वारज्याला कामावर होते. घरी बाबा आणि सुट्टीला आलेली तुझी कादंबरी.

२. दुपारी सोसायटीच्या आवारात कादंबरी पडली. ओठ आतून फाटला. वरच्या ओळीतला मधला डावा दात मुळासकट बाहेर आला.

३. दात घेऊन ती बाबांकडे गेली.

४. बाबांनी तो दुधाचा दात समजला. दोघांनी मिळून तो पंपाच्या खोलीच्या कौलांवर फेकला.

५. मी संध्याकाळी घरी आले. तिचे तोंड उघडून पाहिले. गेलेला दात कायमचा होता.

६. असा दात दुधात घालून तासाभरात डॉक्टरांकडे नेला तर पुन्हा त्याच जागी बसवता येतो. तो वेळ टळून गेला होता.

७. मी तुला फोन केला.

८. मंगळवारी तू आलास, बुधवारी तिला घेऊन जामनगरला गेलास. निघताना बाबांना एक वाक्य बोललास. त्यानंतर बोललेला नाहीस.

यात मत कुठे नाही. मत आता लिहिते.

मी दंतवैद्य नाही, इंजिनिअर आहे. स्कॅनवरून दातांचे आणि जबड्यांचे नमुने छापणे हे माझे काम. ज्यांच्यासाठी ते करते त्यांतल्या डॉ. प्रियदर्शनी जाधव मुलांच्या दातांच्या शस्त्रक्रिया करतात. तू येण्याच्या आदल्या दिवशी काढलेला कादंबरीचा स्कॅन त्यांनी पाहिला. गेलेल्या दाताच्या जागी तिचाच दुसरा दात लावता येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. खालच्या जबड्यात उजवीकडे एक उपदाढ आहे. तिथे दाटी आहेच. ती काढून वर लावायची, आणि रुजली की वरून पुढच्या दातासारखा आकार द्यायचा. तो दात जिवंत असतो. मुलीच्या जबड्याबरोबर वाढतो.

अट एकच आहे. त्या उपदाढेचे मूळ अजून पुरते वाढलेले नसावे. सध्या ते पाऊण झाले आहे आणि टोक उघडे आहे. टोक मिटत गेले की दात रुजण्याची शक्यता घटत जाते. शिवाय वरच्या रिकाम्या जागेतले हाड झिजते आहे. म्हणून जुलै संपायच्या आत करावे, असे त्या म्हणतात.

दुसरीकडे करायचे असेल तर स्कॅन आणि नमुना मी तिकडे पाठवीन. पुण्याचाच माझा आग्रह नाही.

बाबा बरे आहेत. जेवण कमी आहे.

अपूर्वा

&nbsp;

जामनगर
१५ जून

अपू,

पत्र मिळालं. पोलीस पंचनामासुद्धा यापेक्षा मायेने लिहितात.

क्रमांक चार वाचून मला हसू आलं. ‘बाबांनी तो दुधाचा दात समजला.’ अगं, पस्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळलेला माणूस! पटाशीचे दात किती, सुळे किती, उपदाढा किती, हे आपल्याला जेवताना विचारायचे. घास तोंडात असताना. मी एकदा सुळे सहा सांगितले तर पानावरून उठवून आरशासमोर उभं केलं होतं, ‘मोज, आणि दोन कुठून आणलेस ते मलाही दाखव.’ त्या माणसाला अकरा वर्षांच्या मुलीचा पुढचा दात दुधाचा वाटतो? तुला हे खरं वाटतं?

मला नाही वाटत. त्यांनी बघितलंच नसेल. पोर समोर रक्ताळलेल्या तोंडाने उभी, आणि हे पेपरातून मान वर न करता ‘हो हो, फेकू चल.’ आई असती तर हे झालं नसतं.

आणि आता तुझा उपाय. एक दात घालवला, म्हणून धड असलेला दुसरा उपटायचा. वा! इथल्या कॉलनीच्या दवाखान्यात डॉक्टर विक्रम म्हणून आहेत. ते सांगतात, काढता-घालता येणारा खोटा दात लावा, अठरानंतर हाडात स्क्रू घालून पक्का बसवू. तो खोटा दात तिने दोन दिवस लावला. डब्यातल्या पोळीबरोबर बाहेर आला, सगळ्या वर्गासमोर. त्यानंतर लावत नाही. हसताना हात तोंडावर जातो. प्रार्थना सांगायला रोज पुढे उभी राहणारी मुलगी आता शेवटच्या रांगेत असते. पोरं तिला खिडकी म्हणतात.

त्या कौलांवर मी माझे सगळे दात फेकलेत, अपू. सोसायटीतल्या प्रत्येक पोराने फेकलेत. मागे बाबा, पाठीवर हात, ‘उंदीरमामाला नीट ऐकू जाईल असं सांग.’ जुना घे, नवा दे. दात कौलावर टणकन आपटला की मामाला मिळाला. आवाज आला नाही की परत शोधायचा. हे मी कादंबरीला इतक्यांदा सांगितलंय की तिला पाठ आहे. इथे आम्ही चौथ्या मजल्यावर, वर सपाट काँक्रीट. तिचे दुधाचे दात रुपालीने काड्यापेटीत भरून ठेवलेत. मला दर वेळी वाईट वाटायचं, की हिला कौलं नाहीत.

आता मिळाली तिला कौलं.

शस्त्रक्रियेला माझा नकार समज.

आमोद

&nbsp;

बिबवेवाडी
२० जून

दादा,

सोबतच्या डबीत पांढऱ्या रेझिनचा एक दात आहे. ती कादंबरीची उपदाढ आहे, मुळासकट, खऱ्या मापाची. मुद्दाम दोन छापल्या. ही हाताळली तरी चालेल.

शस्त्रक्रियेत आधी ही खोटी उपदाढ वरच्या जागेत घालून पाहतात आणि तिच्या मापाने जागा कोरतात. ती नीट बसली की मगच खरी काढतात आणि लगेच वर लावतात. मुळावर एक नाजूक आवरण असते. ते दुखावले नाही तर दात रुजतो. खरा दात पुन्हा पुन्हा घालून काढून पाहिला तर ते आवरण खरवडते. म्हणून आमच्याकडे मापाला महत्त्व आहे.

धड दात उपटण्याबद्दल. तू तेरा वर्षांचा असताना बुधवार पेठेत रेडिओच्या दुकानावरच्या दवाखान्यात तुझ्या दोन धड उपदाढा काढल्या होत्या, पुढच्या दातांना जागा व्हावी म्हणून. डॉक्टरांनी त्या बादलीत टाकल्या. खाली उतरल्यावर आईने दोघांना आइस्क्रीम दिले; तुला तोंड सुन्न होते म्हणून आणि मला मी तुझ्यापेक्षा जास्त रडले म्हणून. कादंबरीचा खालचा जबडा तुझाच आहे. तारा लावायची वेळ येईल तेव्हा तिचीही एक उपदाढ जाणारच आहे. प्रश्न इतकाच, की ती बादलीत जाणार की तिच्या उपयोगी पडणार.

तुमचे डॉक्टर चुकीचे सांगत नाहीत. हाडातल्या स्क्रूवरचा दात वाढत नाही. मूल वाढते, शेजारचे दात खाली येतात, हा तिथेच राहतो. म्हणून अठरापर्यंत थांबायचे. ज्यांना दुसरा मार्ग नाही त्यांच्यासाठी ते बरोबर आहे. कादंबरीला आज मार्ग आहे.

हे फसू शकते का? हो. शंभरात नव्वदच्या आसपास टिकतात, असे डॉ. जाधव सांगतात. म्हणजे काही टिकत नाहीत. फसले तर वर आजच्यासारखीच रिकामी जागा उरेल. खालची तारांनी बंद होईल.

तुला न सांगितलेली एक गोष्ट. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा पंपाच्या खोलीवर चढले. मी कामावर गेल्यावर. सोसायटीचे नळ दुरुस्त करणाऱ्या संतोषकडून शिडी मागून घेतली आणि त्याला फक्त खाली धरायला लावली. मंदाकिनीकाकू वरच्या गॅलरीतून म्हणाल्या, “गुरुजी, चौऱ्याहत्तरी उलटली. आता कौलं शाकारायला घेतलीत की स्वतःच उडायचा विचार आहे?” बाबा म्हणाले, “नात विसरून गेलीय काहीतरी. उतरलो की सांगतो.” उतरले नाहीत. एकेक कौल उचलून खाली बघत राहिले. संतोषने मला फोन केला तेव्हा निम्मे छत उघडे झाले होते.

मी पोचले तेव्हा ते पायरीवर बसले होते, मांडीवर आमटीची वाटी. वाटीत एक शर्टाचे बटण, काचेची हिरवी गोटी, सहा दुधाचे दात आणि कादंबरीचा दात. पडलेल्या दुधाच्या दातांना मूळ नसते, झिजून गेलेले असते, त्यामुळे निवडायला अवघड गेले नाही. ते सहा कोणाचे, हे सांगता येत नाही. बाबा म्हणाले, “हा टोकाला किडलेला आमोदचा असणार. रात्री गूळ खायचा.”

कादंबरीचा दात तोवर वाळला होता. पुन्हा लावण्याच्या कामाचा नव्हता. मी त्याचे माप आणि रंग नोंदवून घेतला आहे. उपदाढेला पुढच्या दातासारखे करताना डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.

बाबांना दात कळत नाहीत, हे खरे नाही. त्यांनी पाहिलेच नाही, हे मात्र तू ठरवले आहेस. त्यापलीकडे मी काही लिहिणार नाही.

नकार पुन्हा एकदा तपासून पाहा.

अपूर्वा

&nbsp;

जामनगर
२७ जून

अपू,

डबी मिळाली. कादंबरीने ती माझ्या हातात पडूच दिली नाही. मूळ बघून म्हणाली, “एवढं लांब? हे सगळं माझ्या आत आहे?” मग तिने ती वरच्या रिकाम्या जागेपुढे धरली, आरशात पाहिलं आणि हसली. हात तोंडावर न नेता. रुपाली स्वयंपाकघरातून बघत होती. माझ्या नकारावर तिचं उत्तर म्हणजे त्या दिवसापासून वरण पातळ होतंय.

डॉक्टर विक्रमनाही तुझं पत्र दाखवलं. ते म्हणाले, “जमत असेल तर सोडू नका. माझ्याकडे ही सोय नाही, म्हणून मी सुचवलं नव्हतं.” म्हणजे वैद्यकीय बाजू तू जिंकलीस. रुपालीने रजेचा अर्जही लिहून ठेवलाय.

पण मला एक कळू दे. तुझ्या क्रमांक दोनमध्ये ‘आवारात पडली’ एवढंच आहे. कशी पडली? कशावरून? तू स्क्रूचं माप लिहिताना आटे मोजणारी बाई, आणि इथे एवढं मोघम? कादंबरीला विचारलं तर ती अभ्यासाला बसते. न सांगता अभ्यासाला बसते, म्हणजे बघ. बाबांना मी फोन केला होता, गेल्या रविवारी. तुला माहीत नसेल. म्हटलं, नेमकं काय झालं ते एकदा सांगा. ते म्हणाले, “माझी चूक झाली.” बस. जणू प्रगतिपुस्तकावरचा शेरा. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मी फोन ठेवला.

माणूस चुकतो, मला कळतं. पण कशी चूक झाली एवढंही सांगायचं नाही, हा कसला ताठा? ते सांगेपर्यंत मी त्या घरी पोरीला पाठवणार नाही. जुलैअखेरची मुदत मला माहीत आहे. त्यांनाही सांग.

आणि गूळ मी खायचो नाही. तू खायचीस आणि डबा माझ्या उशाशी ठेवायचीस.

आमोद

&nbsp;

जामनगर
२९ जून

प्रिय आत्या,

हे पत्र आईने पाकिटात घालून दिलंय. तिने वाचलं नाहीये, मी डिंकाने चिकटवलं.

तू पाठवलेला दात मी कंपासपेटीत ठेवलाय. वर्गात सगळे आधी ई म्हणाले आणि मग सगळ्यांनी हातात घेतला.

बाबा रोज विचारतात, आजोबांनी असं कसं केलं. मी अभ्यासाला बसते. तू पण सांगितलं नाहीस. थँक्यू.

आत्या, मला खरंच फक्त एक फेरी मारायची होती. बाबांनी फोनवर सांगितलं होतं की आजोबांच्या मोठ्या सायकलला हात लावायचा नाही. पण बाबा स्वतः आठ वर्षांचे असताना तीच सायकल चालवायचे ना, कैचीत, दांडीखालून पाय घालून! मी तर अकराची आहे. आजोबा झोपले होते. मी गेटपर्यंत गेले पण! कोणीच बघितलं नाही. मग हँडल फिरलं.

दात हातात आला तेव्हा आधी मला छानच वाटलं. खोटं नाही सांगत. कारण माझा एकपण दात कौलांवर गेला नव्हता. मी नळावर तोंड धुतलं, रुमाल धरला आणि आजोबांना उठवलं. म्हटलं, कालपासून हलत होता, आत्ता पडला. सायकलचं सांगितलं नाही. ते म्हणाले, “आ कर बघू.” मी म्हटलं, दुखतंय, नंतर बघा, आधी फेकू. मग त्यांनी चष्मासुद्धा घेतला नाही. आम्ही पळतच गेलो. म्हणजे मी पळत, ते भरभर. मी फेकला तो परत खाली आला. मग त्यांनी फेकला. टण्ण आवाज आला. ते खूप हसत होते, आत्या. मी त्यांना एवढं हसताना कधी बघितलं नव्हतं.

तू घरी आल्यावर मी तुला सगळं सांगितलं, ते त्यांनी दारातून ऐकलं. तेव्हा ते म्हणाले ना, “हे आमोदला सांगायचं नाही. चूक माझी, एवढंच सांगायचं.” म्हणून तू पण गप्प आहेस, मला माहीत आहे.

मी सांगू का? सांगितलं तर बाबा माझ्यावर चिडतील. नाही सांगितलं तर आजोबांवर चिडलेलेच राहतील.

लवकर उत्तर दे. पाकिटावर माझं नाव घाल, म्हणजे बाबा उघडणार नाहीत.

कादंबरी

&nbsp;

बिबवेवाडी
३ जुलै

चि. कादंबरीस,

पत्र मिळाले.

मी सांगणार नाही. आजोबांना तसा शब्द दिला आहे, आणि तेही सांगणार नाहीत. पण शब्द आम्ही दोघांनी दिला. तुझ्याकडून कोणी घेतलेला नाही. तुला सांगावेसे वाटले तर सांग. नाही सांगितलेस तरी मी तुझ्यावर रागावणार नाही, आणि आजोबाही नाहीत. शस्त्रक्रियेसाठी त्याची गरज आहे का? माझ्या मते आहे, कारण बाबा अडून बसला आहे. हे तुझ्यापासून लपवणे बरोबर होणार नाही.

बाबा चिडेल. किती वेळ, ते सांगता येत नाही. लहानपणी चिडला की जिन्यात जाऊन बसायचा आणि आत ताटे मांडल्याचा आवाज आला की यायचा. म्हणून सांगायचेच झाले तर जेवायला बसल्यावर सांग.

भीती वाटते का, हे तू लिहिले नाहीस. तरी सांगते. सुई टोचते ते कळते. नंतर दाबल्यासारखे वाटते, दुखत नाही. मग दोन आठवडे एका बारीक तारेने दात शेजारच्यांना धरून ठेवतात. पुढच्या दातांनी काही चावायचे नाही. सुरुवातीला तो दात आखूड आणि वेगळाच दिसेल. दिसू दे. आकार नंतर देतात.

आणि कैचीत सायकल कोण चालवायचे, ते एकदा बाबाला नीट विचार.

आत्या

&nbsp;

जामनगर
८ जुलै

अपू,

कादंबरीने सांगितलं. रात्री पानावर बसलो, पहिला घास घेतला आणि हिने एका दमात सगळं सांगितलं. सायकल, रुमाल, हलत होता, टण्ण. रुपालीच्या हातातला पळा तसाच राहिला. मी रागवायला तोंड उघडलं तोच म्हणाली, “बाबा, कैचीत खरंच तुम्ही चालवायचात?”

हे तूच तिला शिकवलंस. नाकारू नकोस.

मी काय सांगणार? सायकल तू चालवायचीस. सहा वर्षांची होतीस, फ्रॉक साखळीत अडकायचा. मी मागे कॅरियर धरून पळायचो आणि ओरडायचो, सोडलं नाही, सोडलं नाही. गेटपाशी सोडायचो आणि तरी ओरडत राहायचो. मी आठव्या वर्षी नाही, बाराव्या वर्षी शिकलो, तेही अंधार पडल्यावर, कोणी हसू नये म्हणून.

इथे संध्याकाळ लांब असते. प्लँटच्या दिव्यांपलीकडे काही दिसत नाही. तिला झोपवताना बिबवेवाडी सांगायचो. दर वेळी थोडी वाढायची. गेट लांब जायचं, सायकल उंच व्हायची, पंपाची खोली दोनमजली व्हायची. कधीतरी मी कॅरियर सोडून सीटवर येऊन बसलो असणार. पोरगी शहाणी, तिने सगळं खरं धरलं. मी तिला एवढं सांगितलं नसतं तर ती सायकलला हात लावायला गेली नसती आणि दात फेकायचा हट्टही केला नसता.

मी तिला रागावलो नाही. ‘पुन्हा खोटं बोलायचं नाही’ म्हणालो. ती ‘तुम्हीपण’ म्हणाली. रुपाली पदराआड हसली. तेवढंच.

पण बाबा! दीड महिना मी त्यांच्यावर राग धरला आणि ते ‘माझी चूक’ यापलीकडे गेले नाहीत. नातीला वाचवायला. मी त्याला ताठा म्हणालो. आणि दारात, रिक्षात बसताना, ‘तुमच्या भरवशावर पोर ठेवली ही माझी चूक’, हे तुझ्यासमोर म्हणालो. ते आता परत कसं घेऊ? फोन लावतो आणि रिंग जायच्या आत ठेवतो.

शस्त्रक्रिया करू या. माझी संमती आहे, सही करून रुपालीजवळ देतो. त्या दोघी येतील, वारज्याला रुपालीच्या मावशीकडे उतरतील. मी येत नाही. प्लँटला दुरुस्तीचं शटडाऊन आहे, सगळ्यांच्या रजा बंद. खरंच आहे, पण तेच कारण आहे असं मी लिहिलं तर तुला पटणार नाही.

बाबांना माझा नमस्कार सांग. नको, सांगू नकोस.

आमोद

&nbsp;

बिबवेवाडी
शनिवार, १२ जुलै

दादा,

डॉ. जाधवांनी मंगळवार, २९ जुलै हा दिवस दिला आहे. ऑगस्टभर त्या बाहेर आहेत. सप्टेंबरमध्ये मुळाची स्थिती काय असेल ते आज सांगता येत नाही.

काल कादंबरीचा मला फोन आला. तिने स्पष्ट सांगितले, की तू नसशील तर ती खुर्चीत बसणार नाही. मी डॉक्टरांना विचारले. त्या म्हणाल्या, मूल राजी नसेल तर त्या हात लावत नाहीत. एवढा वेळ स्थिर बसणे जबरदस्तीने होत नाही. म्हणजे तुझी सही पुरेशी नाही. तू लागशील. शटडाऊनबद्दल माझे काही म्हणणे नाही. तू ते वरिष्ठांशी बोल.

गोष्टींमुळे हे झाले, असे तू लिहिले आहेस. मला ते पटत नाही. तू कॅरियर सोडल्याचे मला पहिल्या दिवसापासून कळत होते. आवाज मागे राहायचा. तू ओरडत होतास म्हणून मी पडत नव्हते. तुझ्या मुलीला हे सांगायला हरकत नाही. ते खरे आहे.

बाबांना कादंबरीने स्वतःच फोन करून सांगितले की तिने तुला सांगून टाकले. त्यांनी तिला विचारले, “बाबा जेवला का नंतर?” जेवले, असे कळल्यावर फोन ठेवला. मी म्हटले, आता तुमची चूक नव्हती हे सगळ्यांना कळले. त्यांना ते आवडले नाही. म्हणाले, “चूक माझीच आहे. मी ‘आ कर’ म्हणालो, तिने केला नाही, आणि मी सोडून दिलं. वर्गात कधी सोडलं नव्हतं. तिला वाटतं तिनं मला फसवलं. मलाच घाई झाली होती, अपू. किती वर्षांनी कोणीतरी मला दात फेकायला उठवलं होतं.”

हे मी जसेच्या तसे लिहिले आहे.

रिक्षापाशी तू जे बोललास ते त्यांनी माझ्याजवळ एकदाही काढलेले नाही. विसरले आहेत असे नाही. त्यांना उत्तर नको आहे, इतके मला दिसते.

परवा त्यांनी संतोषला बोलावून माळ्यावरची मोठी गादी खाली काढायला लावली. मी म्हटले, त्या दोघी वारज्याला उतरणार आहेत. म्हणाले, “माहीत आहे. कुबट वास येतोय, वारा लागू दे.” बाहेर पाऊस, त्यामुळे ती बाहेरच्या खोलीत पंख्याखाली भिंतीला उभी आहे. दार अर्धेच उघडते. मी अंग चोरून कामावर जाते. गादीवर तीन माणसे नीट मावतात, चार अडचणीत. त्यांनी मला काही विचारलेले नाही. आज गादीसाठी धुतलेली चादर काढून ठेवली आहे, आणि ती तुझी जुनी निळ्या पट्ट्यांची आहे.

डॉक्टरांना दिवस पक्का करून द्यायचा आहे, आणि बाबांना गादी घालायची की परत माळ्यावर टाकायची ते सांगायचे आहे. तू येणार का, आणि आलास तर कुठे उतरणार, हे शुक्रवार, १८ जुलैपर्यंत कळव. फोनवर सांगितलेस तरी चालेल. बाबांना केलास तर मला वेगळा करू नकोस.

अपूर्वा